मिठाच्या सुपाचे काका

वाडगा समोर ठेवला की काका हात लगेच मागे घेत नसत. उजव्या हाताची दोन बोटं वाडग्याच्या काठावर तशीच राहायची. तुम्ही मान खाली घालून वाडग्यात बघेपर्यंत ती बोटं हलत नसत. शेजारच्याशी बोलत असाल, छत्री कुठे ठेवायची ते शोधत असाल, तरी काका वाट बघायचे. मग तुमचं लक्ष गेलं की बोटं उचलायचे आणि म्हणायचे, "फर्स्ट, सूप."

त्यांना इंग्रजी फार येत नव्हतं, आणि जेवढं येत होतं त्यातलंही बरंचसं ते वापरत नसत. "फर्स्ट, सूप" हे मात्र दिवसातून शंभर वेळा. नूडल्स नंतर, मांसाचा तुकडा नंतर, बोलणं तर त्याच्याही नंतर. आधी चमच्याने सूप प्यायचं.

दुकान उघडून आठवडा झाला असेल, तेव्हाची गोष्ट हॅरल्डने मला पुढे स्वतःच सांगितली. हॅरल्डचं दोन दुकानं सोडून गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. साठीचा, मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याआधी तो तीस वर्षं मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला. आमच्या ओहायोत त्या वर्षांत असे बरेच कारखाने बंद पडत होते आणि लोक त्याचा राग जपानी गाड्यांवर काढत होते. हॅरल्ड त्या दिवशी दुकानात शिरला तो जेवायला नव्हेच. दारातच उभा राहून म्हणाला, "तुम्हा लोकांमुळे माझी नोकरी गेली, माझ्या मेव्हण्याची गेली. आता जेवणाची दुकानंही टाकायला लागलात का?"

काकांनी ऐकून घेतलं. किती समजलं देव जाणे. मग त्यांनी एक वाडगा भरला, काउंटरवर ठेवला, काठावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "फर्स्ट, सूप."

"मग मी काय करणार?" हॅरल्ड मला सांगत होता. "तो बोटं काढेचना. मी बसलो."

तेव्हापासून तो रोज साडेबाराला येऊन बसायचा. फक्त काकांची पाठ वळली की खिशातून सोया सॉसची छोटी बाटली काढायचा आणि त्या निवळशंख सुपात ओतायचा. काउंटरवरच्या बाटल्या काकांनी पहिल्याच महिन्यात उचलून टाकल्या होत्या, त्या हॅरल्डमुळेच. काकांना खिशातली बाटली माहीत होती. ते मुद्दाम पाठ वळवायचे.

माझी त्यांची ओळख झाली ती सुपामुळे नाही, पाण्यामुळे. कोलंबसच्या उत्तरेला, डब्लिन नावाच्या उपनगराच्याही पुढे असलेल्या एका लहान गावाच्या पाणीखात्यात मी केमिस्ट होते. नागपूरहून एम.एस्सी. करून, लग्न करून आले, आणि दोन वर्षं घरी बसल्यावर ही नोकरी मिळाली. लोक पाण्याची तक्रार फोनवर करत. लॅबमध्ये कोणी येत नसे. एका मंगळवारी सकाळी पांढरा एप्रन घातलेले एक जपानी गृहस्थ थेट माझ्या टेबलापाशी आले. हातात फडक्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या. पंचावन्न-छप्पन्न वय, बारीक केस, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग.

"वॉटर," ते म्हणाले, "नो गुड."

माझे साहेब पुढे आले आणि आपलं पाणी सगळ्या नियमांत कसं बसतं ते सांगू लागले. काकांनी शांतपणे ऐकलं. मग मान हलवली. "ड्रिंक, गुड. बाथ, गुड. सूप, नो गुड."

साहेब हसून आत गेले. मी मात्र बाटल्या ठेवून घेतल्या. खरं सांगायचं तर कुतूहलापोटी. कारण त्यांचं बरोबर होतं. आमच्या गावाचं पाणी विहिरींचं, चुनखडीतून आलेलं, चांगलंच जड. नळाखाली पांढरे थर साठायचे, आमच्याकडे डाळही लवकर शिजायची नाही. मी त्यांना कागदावर आकडे लिहून दिले, आणि ज्या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांचा अर्क ते काढत होते त्या अशा पाण्यात नीट उतरत नाहीत, हे चित्र काढून समजावलं. ते चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. पुढे त्यांची भाषा थोडी कळायला लागल्यावर समजलं, की दोन महिने ते स्वतःलाच दोष देत होते. वय झालं, हात बिघडला, असं.

आमच्याकडे घरोघरी पाणी मऊ करायचं यंत्र असतं, ते बसवा असं मी सुचवलं. त्यांनी ते बसवलं आणि चार दिवसांत परत आले. "धिस वॉटर," ते रागाने म्हणाले, "ऑलरेडी सॉल्ट. नॉट माय सॉल्ट." आणि ते खरंच होतं. ते यंत्र चुना काढून घेतं आणि बदल्यात सोडियम देतं. साध्या माणसाच्या जिभेला कळणार नाही इतकं. त्यांच्या जिभेला कळलं. परक्याने येऊन आपल्या भांड्यात मीठ टाकावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

शेवटी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाणी आणि नळाचं पाणी यांचं मिश्रण करायचं ठरलं. प्रमाण ठरवायला सहा आठवडे लागले. दर गुरुवारी ते बाटल्या घेऊन यायचे, मी तपासायची, ते नकारार्थी मान हलवायचे. सातव्या गुरुवारी बाटली आणली नाही. "यू कम," म्हणाले.

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले. एका बाजूला कपडे धुण्याची यंत्रं, दुसऱ्या बाजूला गालिचे विकणारा, आणि मधे हे नऊ स्टुलांचं दुकान. आत ते एकटेच. शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, सगळं त्यांचं. भिंतीवर पदार्थांची यादी नव्हती, कारण पदार्थ एकच होता. रामेन, म्हणजे सुपातले लांब नूडल्स. पण जपानात गावागणिक त्याचं सूप वेगळं असतं, हे मला तिथे कळलं. कुठे सोयाचं, कुठे मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं. त्यांच्या गावचं फक्त मिठाचं. हाकोदाते त्यांचं गाव. उत्तरेकडचं बंदर, थंडी भरपूर, असं ते सांगायचे.

मिठाच्या सुपाला आडोसा नसतो. आपल्याकडे रस्सा जरा बिघडला तर तिखट वाढवता येतं. सोया किंवा मिसो असेल तर त्याखाली बरंच झाकलं जातं. इथे झाकायला काहीच नाही. वाडग्याच्या तळाचं निळं नक्षीकाम सुपातून स्पष्ट दिसायचं. कोंबडी आणि डुकराच्या हाडांचा उकळू न देता काढलेला अर्क, शेवाळाची पट्टी, मीठ. वर पातीचा कांदा, मांसाची एक चकती, बांबूच्या कोवळ्या कोंबाचे दोन तुकडे. संपलं.

पहिल्या घोटाला मला त्यात काही विशेष वाटलं नाही, हे कबूल करते. माझी जीभ नागपूरच्या सावजीवर वाढलेली. माझ्या तोंडावरून त्यांना ते समजलंच असणार. माझा नवरा विलास एकदा माझ्याबरोबर आला आणि बाहेर पडल्यावर म्हणाला, "यार, मीठपाणी पाजतो तुला हा माणूस, आणि तू वाहवा करतेस!" आमची सहा वर्षांची लेक मात्र पूर्ण वाडगा संपवून म्हणाली, "कॅन वी कम टुमॉरो?"

मी जात राहिले. आधी ओळखीपायी, मग सवयीने, आणि कधीतरी त्या सुपासाठी. ते मला मिझु-सान म्हणायचे. मिझु म्हणजे पाणी, आणि सान हे आपल्या 'बाई' किंवा 'राव'सारखं. थोडक्यात, पाणीबाई. मी त्यांना काका म्हणायला लागले आणि तो शब्द त्यांना उच्चारायला सोपा असल्यामुळे आवडला. हॅरल्डही त्यांना काकाच म्हणायचा. ते त्यांचं नाव आहे असंच त्याला शेवटपर्यंत वाटत होतं.

स्वयंपाकाच्या जागेत, वाफ पोचणार नाही अशा कोपऱ्यात, त्यांच्या बायकोचा फोटो होता आणि शेजारी लाकडाची छोटी बुद्धमूर्ती. एकदा माझी नजर तिकडे गेलेली बघून ते म्हणाले, "इंडिया, हिंदू." मी म्हटलं, नाही, मी बुद्धिस्ट. त्यांनी ओगराळं खाली ठेवलं. भारतात आता बौद्ध उरले नाहीत, असं ते शाळेत शिकले होते. मी सांगितलं की माझ्या आईवडिलांनी नागपूरला लाखो लोकांबरोबर दीक्षा घेतली, मी तेव्हा आईच्या कडेवर होते. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी विचारलं, काय म्हणता तुम्ही? मी त्रिशरण म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि मग म्हणाले, "सेम. बट, लाँग रोड." कोणाचा रस्ता लांबचा, त्यांचा की आमचा, ते मी विचारलं नाही.

ते इथे आले ते मुलीसाठी. जावई गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, तीन वर्षांसाठी ओहायोत आलेला. बायको गेल्यावर मुलीने वडिलांना बरोबर आणलं. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी दुकान काढलं. तीन वर्षांनी मुलगी-जावई परत गेले, आणि काका राहिले. का, असं मी विचारल्यावर त्यांनी मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवलं. पातेलं उकळीच्या बेतात होतं. ते टाकून कसं जाणार, असा त्या बोटाचा अर्थ.

आता मुख्य गोष्ट.

एका उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, ते लॅबमध्ये आले. हातात बाटली होती, पण पाण्याची नव्हती. आत सूप होतं. आजूबाजूला कोणी नाही हे बघून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"मिझु-सान, यू चेक सॉल्ट."

मी हसले. म्हटलं, "काका, तुम्हालाच विचारायचं ते."

ते हसले नाहीत. जिभेवर बोट ठेवलं आणि हात पसरला. रिकामा.

तुटक इंग्रजीत, थांबत थांबत त्यांनी सांगितलं ते असं. हिवाळ्यात त्यांना रक्तदाब निघाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं. मिठाच्या सुपाच्या माणसाला हे सांगणं, यावर आम्ही तेव्हा विनोदही केला होता. पण वसंतात हळूहळू चव जाऊ लागली. आधी गोड गेलं, मग खारट. आता तोंडात फक्त पत्र्यासारखं काहीतरी लागायचं. तीन आठवडे ते हाताच्या सवयीवर मीठ घालत होते. आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाने अर्धा वाडगा तसाच ठेवला. तो खारट झाला म्हणून, अळणी म्हणून, की त्याला घाई होती म्हणून, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

"डोन्ट टेल," ते म्हणाले. "हॅरल्ड, डोन्ट टेल."

पाण्यातलं मीठ मोजणं हे माझं रोजचं काम. सूप गाळून घ्यायचं, शंभरपट पातळ करायचं, मग नळीतून चांदीचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. पिवळ्याचा विटकरी झाला की थांबायचं. मी ते केलं आणि कागदावर आकडा लिहून दिला. ते म्हणाले, "धिस, टू मच?" मला काय माहीत? जिभेवर बरोबर काय आणि आकड्यात बरोबर काय, याची गाठ कोणीच घातलेली नव्हती.

मग आम्ही ती घातली. दुकानाच्या शीतपेटीत मार्च महिन्यातला गोठवलेला अर्क होता, चव शाबूत असतानाचा, मीठ घालून ठेवलेला. मी तो तपासला. तो आमचा आकडा ठरला. त्यानंतर आठवड्यातून तीनदा, कामावर जाताना मी दुकानात थांबून बाटली घ्यायची, लॅबमध्ये पोचल्यावर सगळ्यांत आधी ती तपासायची आणि फोन करायची. "काका, अर्धा चमचा जास्त." "काका, बरोबर." सरकारी लॅबमध्ये सूप तपासणं नियमात बसत नव्हतं. साहेबांना बहुधा माहीत होतं. एकदा ते एवढंच म्हणाले, की आज लॅबला कांद्याचा वास येतोय.

मला अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. दोन महिन्यांत मी त्यांना मोजून घ्यायला शिकवलं. हाडं तोलून, पाणी मापून, पट्टी घड्याळ लावून. प्रत्येक वाडगा आदल्या वाडग्यासारखा. दुकान भरलेलं असायचं. शनिवारी कारखान्यातली जपानी कुटुंबं यायची, मुलं रांगेत उभी राहायची. कोणी तक्रार केली नाही. मला तर सूप पूर्वीपेक्षाही चांगलं लागत होतं.

फक्त हॅरल्ड. एकदा मी आणि तो शेजारी बसलो होतो. काका आत गेल्यावर तो माझ्याकडे झुकला. "याला काय झालंय?"

"कोणाला?"

"काकाला. सूप बघ. काहीतरी गेलंय त्यातलं."

"तू त्यात अर्धी बाटली सोया ओततोस, हॅरल्ड," मी म्हणाले. "तुला काय कळणार?"

तो परत वाडग्यावर वाकला. मी मनात हसले. मला ठाऊक असलेला आकडा त्याला ठाऊक नव्हता ना.

शरद ऋतू उलटून गेला. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोलंबसच्या डॉक्टर नलूताई भेटल्या. त्यांच्याशी बोलता बोलता मी सहज, नाव न घेता, हा प्रकार सांगितला. नलूताईंनी हातातली प्लेट खाली ठेवली. "रक्तदाबाची कोणती गोळी घेतो गं तो? त्या एका नव्या गोळीने काहींची चव जाते. बदलली की येते परत. पण त्याला म्हणावं, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. डॉक्टरला विचार."

दुसऱ्या दिवशी मी काकांना हे सांगितलं, दोनदा, कागदावर लिहून. ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि गोळी बदलून दिली. इतकी साधी गोष्ट होती. इतके महिने आम्ही चांदीचं द्रावण थेंबथेंब सोडत होतो, आणि डॉक्टरांना चवीबद्दल सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं. काकांना लाज वाटत होती, आणि मला माझं काम आवडत होतं.

डिसेंबरात चव परत आली. एका सकाळी मी बाटली घ्यायला गेले, तर काका काउंटरच्या या बाजूला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते. समोर स्वतःच केलेला वाडगा. मी कोट न काढताच उभी राहिले.

त्यांनी चमच्याने घोट घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांचे डोळे भरले आणि मला वाटलं, आनंदाने. मी टाळ्या वाजवणार होते.

"काका, सॉल्ट बरोबर?"

"सॉल्ट, परफेक्ट," ते म्हणाले. चमचा खाली ठेवला. "सूप, नोबडी."

मला कळलं नाही. ते शब्द शोधत राहिले. मग सांगितलं. रोज हाडं वेगळी असतात, थंडी वेगळी असते, पट्टी कधी जुनी, कधी नवी. रोज त्यांचा हात थोडा इकडे, थोडा तिकडे जायचा. एका दिवशी मीठ चिमूटभर कमी, कारण कोंबडी गोड होती. दुसऱ्या दिवशी जास्त, कारण बाहेर बर्फ होतं आणि लोक गारठून येणार होते. सात महिने हे काहीच नव्हतं. सात महिने त्यांनी लोकांना मार्चमधला एकच दिवस प्यायला दिला होता.

"मिझु-सान," त्यांनी विचारलं, "यू नो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही काका," मी म्हणाले. "मला फरक कळला नाही."

त्यांनी मान हलवली. रागाने नाही. माझ्याकडून आलेला आणखी एक आकडा ऐकावा, तशी.

"नोबडी नो," ते म्हणाले. "सेव्हन मंथ."

आणि मग मला ते सांगावंच लागलं. "हॅरल्डला कळलं होतं," मी म्हणाले. "तो बोलला होता. मी त्याला गप्प केलं."

काका उठले. चुलीवर पातेलं तसंच ठेवून, एप्रनवरच, बर्फातून, दोन दुकानं ओलांडून ते हॅरल्डकडे गेले. पेटती चूल सोडून दुकानाबाहेर गेलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मी मागोमाग गेले. हॅरल्ड एका यंत्राचं पातं सोडवत जमिनीवर बसला होता.

"हॅरल्ड," काका म्हणाले, "समर. सूप, बॅड?"

हॅरल्डने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की सांग.

"बॅड नाही रे," तो म्हणाला. हात पुसत हळूहळू उभा राहिला. "सारखंच. रोज सारखंच. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलायस."

काका मग कमरेत वाकले, खूप खाली, आणि तसेच राहिले. हॅरल्डला काय करावं ते सुचेना. त्याने काकांच्या पाठीवर हात ठेवला, आणि ग्रीसचा काळा पंजा त्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटला.

यानंतर बरेच दिवस काका मला भेटायला लॅबमध्ये आले नाहीत. सकाळची बाटली बंद झाली, ते ठीकच होतं. पण मला ते लागलं. तीन आठवडे मी दुकानात गेले नाही. विलास म्हणाला, "अगं, त्याने तुला काही म्हटलंय का? नाही ना? मग?" नेमकं तेच तर. काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग एका गुरुवारी ते आले. रिकाम्या हातांनी, माझ्या टेबलासमोर उभे राहिले. वाक्य पाठ करून आले असावेत, कारण ते सलग बोलले. "युवर नंबर, करेक्ट. युवर वर्क, करेक्ट. आय आस्क राँग थिंग." आणि मग, न पाठ केलेलं, "प्लीज ईट."

मी त्या दुपारी गेले. खरं सांगू? सूप वेगळं लागलं. किंवा आता मला माहीत होतं म्हणून लागलं. केमिस्ट असून हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणी स्वतःच्या जिभेवर डोळे मिटून विश्वास ठेवत असेल, तर त्याने जरा जपून राहावं, एवढंच म्हणेन.

पुढे वर्षभर काका रोज साडेबाराला हॅरल्डसमोर वाडगा ठेवायचे आणि विचारायचे, "टुडे?" हॅरल्ड घोट घ्यायचा. "थोडा चिडलेला," म्हणायचा. किंवा, "आज झोप झालेली दिसतेय." तो थट्टा करत नव्हता. काकाही थट्टा समजत नव्हते. ते मान हलवून आत जायचे आणि दुसऱ्या पातेल्यात काहीतरी बदलायचे. ज्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यांचं हे संभाषण मी रोज शेजारी बसून ऐकत होते. त्यात मला जागा नव्हती. त्याचं वाईट वाटणंही कधीतरी थांबलं.

दुकान बंद करायचं त्यांनी ठरवलं ते चांगलं चाललेलं असताना. मुलीला दुसरं मूल होणार होतं, ती पत्रांमागून पत्रं लिहीत होती. डॉक्टरही म्हणत होते की दहा-दहा तास उभं राहणं आता पुरे. पण ही कारणं लोकांना सांगायची होती. मला त्यांनी वेगळं सांगितलं. भांडी पुसत होते, माझ्याकडे पाठ होती.

"टंग, मेबी अगेन गो," ते म्हणाले. "हियर, वन मॅन नो. हॅरल्ड, सिक्स्टी-फोर." चव ओळखणारा इथे एकच माणूस, आणि त्याचंही वय झालेलं. मग वळले. "हाकोदाते, आय मेक बॅड सूप, फर्स्ट डे, एव्हरीबडी शाउट."

ते सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांच्या गावात, बंदरावर, कोणीतरी म्हातारा वाडगा पुढे ढकलून ओरडेल, हे त्यांना आत्ताच ऐकू येत असावं. ओरडणारं कोणी असावं, यासाठी माणूस अर्धं जग ओलांडून परत जातो, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्हीही तेव्हा परत जावं की राहावं यावर दर रविवारी चर्चा करायचो. आमच्या चर्चेत शाळा असायच्या, आईवडिलांची तब्येत असायची, घर असायचं. हे कारण कधीच आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये हॅरल्डने आपल्या पिकअपमधून त्यांना कोलंबसच्या विमानतळावर नेलं. मीही रजा काढून गेले. तिघं पुढच्या एकाच लांब सीटवर, मधे काका. मागे दोन सुटकेसेस आणि दोरीने बांधलेलं एक खोकं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं नांगरलेली होती. एका ठिकाणी काकांनी बाहेर बोट दाखवून "ब्लॅक," एवढंच म्हटलं. माती काळी होती.

तेव्हा अगदी विमानाच्या दारापर्यंत पोचवायला जाता यायचं. काकांनी हॅरल्डशी हात मिळवला आणि माझ्यापुढे वाकले. मी हात जोडले. ते आत जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी पोचले, वळले आणि पुन्हा वाकले. तिकिटं बघणारी मुलगी त्यांच्या आणि आमच्या मधे उभी होती. तिला वाटलं, आपल्यालाच. तीही गडबडून वाकली. हॅरल्ड मोठ्याने हसला, मीही हसले, आणि हसून होईपर्यंत काका आत गेलेले होते.

विमान मागे सरकून वळेपर्यंत आम्ही काचेशी उभे राहिलो. इतक्या छोट्या खिडक्या, त्यांची कोणती ते कळायला मार्ग नव्हता. हॅरल्ड मात्र एकीकडे बघून हात हलवत राहिला.

परतीच्या वाटेवर मधली जागा मोकळीच राहिली. मी दाराला टेकून बसले होते, तो स्टिअरिंगला. गावाजवळ आल्यावर त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"साडेबारा झाले," तो म्हणाला. "जेवायला कुठे जायचं?"

मी एका पिझ्झाच्या दुकानाचं नाव घेतलं. तो तिथवर गेला, वेग कमी केला, आणि न थांबता पुढे निघाला. मग त्याने एका हॅम्बर्गरवाल्याचं नाव घेतलं. तिथेही आम्ही पार्किंगमध्ये शिरून, एक फेरी मारून, बाहेर पडलो. गावाच्या मुख्य रस्त्याला आम्ही अशा दोन चकरा मारल्या. तिसऱ्या वेळी तो पाणीखात्याच्या फाटकाशी थांबला. मी उतरले. दार लावताना म्हणाले, "उद्या बघू."

"हो," हॅरल्ड म्हणाला. "उद्या बघू."